बाहेर बसण्याचे दिवस

आमच्या कुळगावच्या घरात पाळी आलेली बाई चार दिवस स्वयंपाकघरात आणि देवापाशी जात नाही. लग्नानंतर सासूबाईंनी मला हे सांगितलं ते रागावून नाही की बजावून नाही. नळाला पाणी केव्हा येतं ते सांगावं, तसं सांगितलं. गॅलरीत एक लोखंडी खाट होती, तिच्यावर वेगळी सतरंजी आणि उशी. ताट तिथेच मिळायचं. मी एम.ए. झालेली, उल्हासनगरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवणारी. मी वाद घालायला हवा होता, असं माझ्या मैत्रिणींना वाटलं. मी घातला नाही. पहिल्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं की या दिवसांत भाकऱ्या थापाव्या लागत नाहीत, भांडी घासावी लागत नाहीत, आणि दिवेलागणीपासून झोपेपर्यंत आपल्याला कुणी हाक मारत नाही. एवढा सलग वेळ वाचायला मला माहेरीही मिळाला नव्हता.

माझा नवरा जाऊन आता वर्ष उलटून गेलं. त्याच्याविषयी लिहायला बसले की मला आधी ती खाटच आठवते. असं का होतं ते सांगायचं तर थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

मूल आत्ता नको, हे आम्ही दोघांनी ठरवलं होतं. माझी नोकरी दरवर्षी नव्याने मिळायची, म्हणजे जूनमध्ये बोलावणं आलं तर होती, नाहीतर नव्हती. मला सेटची परीक्षा पास होऊन पक्क्या जागेवर लागायचं होतं. तो अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लेथवर होता, शिफ्ट बदलत राहायच्या. "तुझं एकदा मार्गी लागू दे, मग बघू," असं तो म्हणायचा. मला वाटतं, त्याला स्वतःला घाई होती. पण तसं त्याने कधी बोलून दाखवलं नाही.

प्रश्न होता तो घरातला. सासूबाई रोज दुपारी कुठलं ना कुठलं कपाट आवरायला काढायच्या. त्यात संशय नसायचा, ती त्यांची करमणूक होती. त्यामुळे गोळ्या घरात ठेवणं शक्य नव्हतं. कुळगावातला औषधवाला माझ्या नवऱ्याच्या शाळेतला, आणि आरोग्य केंद्रातली नर्स सासूबाईंच्या भजनी मंडळात. मग कॉलेजातल्या एका बाईंनी मला सांगितलं की सरकारी दवाखान्यात तीन महिन्यांचं इंजेक्शन मिळतं. घरात काही ठेवायला नको, काही लपवायला नको.

आम्ही अंबरनाथ पश्चिमेच्या एका सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे आम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं. बाकावर आठ-दहा बायका बसल्या होत्या, त्याही कदाचित बदलापूर-उल्हासनगरहून याच कारणाने आलेल्या असतील.

"मुलं किती?" सिस्टरने मान वर न करता विचारलं.

"अजून नाहीत."

आता तिने मान वर केली. "मग कशाला घेताय? आधी एक होऊ द्या. मग या, मी स्वतः देते."

"आम्हाला आत्ता नकोय, सिस्टर."

"घरी विचारलंत? सासूबाईंना माहीत आहे?"

नवरा दारात हेल्मेट धरून उभा होता. तो म्हणाला, "सिस्टर, इंजेक्शन हिला द्यायचंय. आईला देऊन आता काही उपयोग नाही."

बाकावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. सिस्टरलाही हसू आवरेना. "मिस्टर फार बोलतात तुमचे," ती मला म्हणाली, आणि तिने मला डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी रक्तदाब बघितला, चार प्रश्न विचारले आणि हरकत नाही म्हणाल्या. सिस्टरने दंडात सुई टोचली. "जागा चोळायची नाही हं. पाळी मागेपुढे होईल, कुणाकुणाची बंदच होते. घाबरायचं नाही. इंजेक्शन सोडलं की येते परत, पण सावकाश."

परतताना मोटरसायकलवर मी डावा दंड धरून बसले होते. "हात काढ तिथून," तो पुढून ओरडला, "सरकारने सांगितलंय चोळू नका म्हणून." रिक्षातला माणूस वळून बघायला लागला.

दुसऱ्या इंजेक्शननंतर माझी पाळी खरोखरच थांबली. आम्ही याचा विचारच केला नव्हता. औषध घरात नव्हतं, पण खाट घरात होती. सून महिनाभर बाहेर बसली नाही, तर ते सासूच्या ध्यानात यायला वेळ लागत नाही. नवऱ्यानेच यातून मार्ग काढला. "बस की मग," तो म्हणाला, "चार दिवस बस. कोण तपासायला येतंय?"

मग आम्ही तसं करायला लागलो. महिना भरत आला की तो कामावरून आल्यावर बूट काढता काढता हळूच म्हणायचा, "मॅडम, उद्यापासून तुमची रजा." दुसऱ्या दिवशी सकाळी मी सासूबाईंना सांगायचे, आई, मला अडचण आहे. त्या मान हलवायच्या आणि माझ्या हातातलं काम काढून घ्यायच्या. मी खाटेवर पुस्तक घेऊन बसायचे. तो उंबऱ्यावर बसून मोठ्याने विचारायचा, "पोटात दुखतंय का गं?" आणि आतून सासूबाई म्हणायच्या, "तिला त्रास देऊ नको रे, पडू दे तिला." थोड्या वेळाने ओवा घालून उकळलेलं पाणी यायचं. ते मी पीत असताना तो भिंतीकडे तोंड करून हसायचा.

मला त्यात वाईट वाटत असे का? कधीकधी. पण पुस्तक उघडलं की विसरायला व्हायचं.

एकीकडे सासूबाईंची नातवासाठी खटपट चालू होती. वांगणीजवळ त्यांच्या माहेरची देवी आहे, तिला त्यांनी नवस केला. आम्हा दोघांना घेऊन गेल्या. मी ओटी भरली. नवऱ्याने पायरीवर नारळ ठेवला आणि बराच वेळ डोळे मिटून उभा राहिला. खाली उतरताना मी त्याला विचारलं, काय मागितलंस? तो म्हणाला, "आईचे गुडघे."

तो गेला तो पहिल्या शिफ्टला. यंत्रापाशी खाली बसला आणि उठला नाही. हृदयविकार, असं दवाखान्यातून सांगितलं. चौतीस वर्षांचा होता.

पुढच्या दिवसांतलं माझ्याजवळ फार काही नाही. लोक बोलायचे ते मला ऐकू यायचं, पण उशिरा, शेजारच्या घरात लावलेल्या टीव्हीसारखं. माझ्या हातांतलं काय काय काढलं, कुणी काढलं, ते मला सांगता येणार नाही. नणंद वांगणीहून येऊन राहिली होती, ती मला आंघोळीला उठवायची आणि जेवायला बसवायची. मी रडत नव्हते, याची कुजबुज झाली. ती मी ऐकली, पण ती दुसऱ्या कुणाविषयी चालली आहे असं मला वाटलं. मी रिकाम्या डोळ्यांनी समोरच्या कपाटाच्या कप्प्यात घातलेल्या वर्तमानपत्रावरची जाहिरात वाचत बसायचे. सगळी पाठ झाली. घरे उपलब्ध, स्टेशनपासून चालत.

सुतक फिटलं. नणंद तिच्या घरी गेली. देवांवरचं वस्त्र निघालं. कॉलेजला अजून मी जात नव्हते. संध्याकाळी दिवा लावायचं काम सासूबाईंनी मला दिलं, बहुधा मी काहीतरी करावं म्हणून. मी रोज लावायला लागले. नंतरचा महिना गेला, त्याच्यानंतरचा गेला. इंजेक्शनची पुढची तारीखही कधीतरी येऊन गेली असणार. आता ते घ्यायचं काही कारण नव्हतं.

त्या दिवसांत मी बाहेर बसायला विसरले. दुःख झालं होतं म्हणून विसरले, असंही नाही. रजा कधीपासून ते सांगणारा माणूस घरात नव्हता.

सासूबाई माझ्याशी वेगळ्या वागायला लागल्या, ते मला आधी कळलं नाही. पाण्याची बादली उचलायला गेले की त्या पुढे येऊन उचलायच्या, गुडघे दुखत असताना. सकाळी नाचणीचं सत्त्व द्यायच्या. भाजीवाल्याकडची पपई त्यांनी परत करायला लावली. माझ्या खोलीत त्यांनी आपलं अंथरूण आणलं. मला वाटलं, एकट्याने झोपवत नसेल त्यांना. माझा भाऊ मला न्यायला नाशिकहून आला. चार महिने तिकडे राहा, मग पुढचं बघू, असं आमचं फोनवर ठरलं होतं. सासूबाईंनी त्याला चहा दिला आणि म्हणाल्या, "आत्ता नाय न्यायची. आत्ता तिनं प्रवास करायचा नाय." भावाने माझ्याकडे पाहिलं. मी बॅगही भरलेली नव्हती. तो रात्रीच्या आत परत गेला.

त्याच दिवशी मी दिवा लावून वळले, तर त्या माझ्या मागे उभ्या होत्या.

"दिवा रोज तूच लावतेस," त्या म्हणाल्या.

"हो."

"मागच्या महिन्यात पण तूच लावलास. एक दिवस चुकला नाय."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे हात गरम होते, नुकत्याच चुलीपाशी असल्यासारखे.

"त्यानं ठेवलं गं काहीतरी माझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "पूर्ण नाय गेला."

तेव्हा मला सगळं एकदम कळलं, खाट, बादली, पपई. मी म्हटलं, "नाही, आई. तसं काही नाही."

"पहिल्या खेपेला कळत नाय. मला तरी कुठं कळलं होतं? माझ्या सासूनंच सांगितलं."

मला पुढचं बोलायचं होतं. पण त्या काळात बोलायला मला आधी शब्द शोधून जवळ आणावे लागत, आणि तेवढ्यात समोरची व्यक्ती निघून गेलेली असे. त्या देवापुढे बसल्या होत्या, डोकं जमिनीला टेकवून. बराच वेळ त्या उठल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी नणंदेचा फोन आला. सासूबाईंना फोन कानाला लावून ऐकू येत नाही, त्या स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे नणंद काय बोलते ते मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं.

"आई, खरं का गं? मग सातव्यात काय करायचं? तिचं डोहाळजेवण कसं करणार? लोक नावं ठेवतील."

"कशाला ठेवतील?"

"अगं, विधवेची ओटी कोण भरणार?"

"मी भरीन," सासूबाई म्हणाल्या. "मी पण विधवाच हाय. एकीनं दुसरीची भरली तर कुणाचं काय जातं? बघते कोण हात धरतो माझा."

मी कांदा चिरत होते तो चिरत राहिले. या बाईला हळदीकुंकवाला जाणं सोडून वीस वर्षं झाली होती. सासरे गेल्यापासून ती कुणाच्या मुलाच्या बारशालाही पुढे बसली नव्हती.

आमच्या गल्लीतल्या आशाताई सासूबाईंनी बोलावल्या. आशा म्हणजे सरकारने नेमलेली आरोग्यसेविका. बाळंतपणाची नोंद, लसी, गोळ्या, निरोध, सगळं तिच्या पिशवीत असतं. गल्लीतल्या सगळ्या तिला आशाताईच म्हणतात, तिचं खरं नाव कुणी घेत नाही. त्यांनी तपासणीची पट्टी काढून माझ्या हातात दिली, सकाळच्या लघवीवर करा म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः बघायला आल्या. पट्टीवर एकच रेघ होती.

"नाही हो, आजी. काही नाही दिसत," आशाताई म्हणाल्या.

"किती दिवसांची पट्टी ती तुझी? पिशवीत घालून उन्हातनं फिरवतेस, ती काय सांगणार?"

"नवीनच आहे, आजी."

"फुकटची हाय ना? मग झालं. आपण सोनोग्राफी करू. दिसेल तिथं."

सासूबाई चहा टाकायला आत गेल्या. आशाताईंनी माझ्याकडे बघून आवाज एकदम खाली आणला. "ताई, इंजेक्शन घेत होतात का कुठे? तीन महिन्यांचं?"

मी मान हलवली.

"तरीच." त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "पाळी लगेच नाही यायची तुमची. सहा महिने, आठ महिने, कधी जास्तच. तुम्ही सांगा आजींना."

"तुम्हीच सांगा ना."

"मी नाही सांगणार, ताई. उद्या गल्लीत झालं की आशा सुनांच्या गोष्टी सासूला सांगते, तर माझ्याकडून एक बाई गोळी घेणार नाही. आत्ता तेरा-चौदा जणी घेतात. कुठल्या त्या मी देवालाही सांगत नाही." मग चहा आला तशा त्या पावसापाण्याचं बोलायला लागल्या.

सोनोग्राफीची वेळ घेतली गेली, स्टेशनजवळच्या एका खाजगी दवाखान्यात. सासूबाई रिक्षावाल्याशी बोलून आल्या, खड्डे टाळून ने म्हणाल्या. समोरच्या घरी सांगितलं, मागच्या घरी सांगितलं. वाण्याकडे मला बसायला स्टूल मिळायला लागलं. एका बाईने घरच्या गाईचं तूप आणून दिलं. तो गेल्यापासून लोक माझ्याशी बोलताना नजर खाली ठेवत, आता सगळे माझ्याकडे बघायला लागले होते. पोटाकडे, पण बघायला लागले होते.

मी सांगायचं टाळत होते, त्याचं कारण मला ठाऊक होतं. मूल नाही, एवढं सांगणं कठीण नव्हतं. डॉक्टरांनीही ते सांगितलं असतंच. पण त्यानंतर पाळी का नाही, हा प्रश्न आला असता, आणि मग तो नवसाला उभा राहिलेला, उंबऱ्यावरून माझं पोट दुखतंय का विचारणारा मुलगाही त्यांच्याजवळ उरला नसता. त्यांच्याजवळ तेवढाच उरला होता.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघी वाल सोलायला बसलो होतो. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा बोटांत दाबला की साल निघते. सासूबाईंचा हात भराभर चालतो. त्या कुणाकुणाला पहिला मुलगा झाला ते सांगत होत्या.

"आई," मी म्हटलं, "मी इंजेक्शन घेत होते."

"कसलं?"

"मूल न होण्याचं. त्याने पाळी थांबते. म्हणून थांबली आहे. पोटात काही नाही."

त्यांचा हात थांबला नाही. दोन-तीन दाणे सोलून झाले.

"कुणी दिलं?"

"अंबरनाथला, सरकारी दवाखान्यात."

"सरकार देतं?"

"हो."

"कुणालाही?"

"मागितलं तर देतात."

"कधीपासून घेतेस?"

"दोन वर्षं होतील."

"मग ते बाहेर बसणं?"

"ते खोटं होतं."

"खोटं," त्या म्हणाल्या. "चार-चार दिवस मी तुला ताट नेऊन दिलं. ओव्याचं पाणी दिलं. रात्री मला वाटायचं, फार अंगावर जातं हिच्या, म्हणून राहत नसेल. त्या वांगणीच्या वैदूला विचारून आले मी." त्यांनी एक दाणा दाबला, तो उडून फरशीवर पडला. तो त्यांनी उचलून धुऊन घेतला. "आणि तू पुस्तक वाचत होतीस."

"हो."

त्यांनी पुढचे दाणे सोलायला घेतले. पुढचा प्रश्न काय येणार ते मला माहीत होतं. उत्तरही मी तयार ठेवलं होतं. त्याला यातलं काही माहीत नव्हतं, मी एकटीने केलं, असं सांगायचं मी ठरवलं होतं. त्यात काय जाणार होतं माझं? मी नाशिकला निघून गेले असते आणि इकडे त्यांचा मुलगा जसा होता तसा राहिला असता.

"त्याला ठाऊक होतं?"

मी तोंड उघडलं. आणि मला तो दारात हेल्मेट धरून उभा दिसला, आईला देऊन आता उपयोग नाही म्हणणारा. बाकावरच्या त्या बायका हसल्या होत्या. तो तिथे होता. तो नव्हता असं मी म्हटलं असतं, तर तिथे कुणीच नव्हतं असं झालं असतं.

"हो," मी म्हटलं. "दोघांनी ठरवलं होतं."

"देवीला आला होता माझ्याबरोबर. माझ्यासमोर नारळ ठेवला त्यानं. मग का आला?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

"काय मागितलं असेल तिथं?"

"तुमचे गुडघे बरे व्हावेत, असं मागितलं होतं. मला सांगितलं त्याने."

त्यांनी परातीतलं पाणी हाताने ढवळलं. सालं वर आली, ती त्यांनी गोळा करून बाजूला काढली.

"कधी करणार होतात मग?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या वर्षी."

त्या उठल्या, जमिनीला हात टेकून, नेहमीसारख्या. वालाचं बिरडं त्यांनी रोजच्यासारखं केलं, खोबरं घालून, कोकम घालून. आम्ही दोघी जेवलो. भांडी मी घासली, त्यांनी अडवलं नाही. रात्री त्यांनी आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं. मला वाटलं, सकाळी भावाला फोन करावा.

सकाळी त्याच मला उठवायला आल्या. म्हणजे उठवायला नव्हे.

"आज उठू नको," त्या म्हणाल्या. "पडून राहा."

"का?"

"रात्री अंगावर गेलं. नाय राहिलं. सोनोग्राफीला नाय जायचं आता, रिक्षावाल्याला सांगितलं मी."

मी उठून बसले होते. त्यांनी मला खांद्याला धरून परत निजवलं आणि पायांवर चादर घातली. "बायका येतील," त्या म्हणाल्या. "तू बोलू नको काही. डोळे मिटून घेतलेस तरी चालेल."

"आई, कशाला हे?"

त्या दाराजवळ थांबल्या. "इंजेक्शन होतं असं सांगू मी? मंग काय म्हणतील? त्यालाच नको होतं म्हणतील. मेलेल्या माणसाला शिव्या देतील सगळ्या. त्याच्या नावाला काही लागायला नको." आणि थोड्या वेळाने, "तुझ्याबी."

दुपारपासून बायका यायला लागल्या. तो गेला तेव्हा आल्या होत्या त्याच. मी डोळे मिटून पडले होते. खोलीत पाच-सहा जणी बसल्या की हवा जड होते, तशी झाली होती. कुणीतरी माझ्या कपाळावरून हात फिरवत होतं. समोरच्या काकू सांगत होत्या, त्यांचं पण दुसऱ्या वेळेस तिसऱ्या महिन्यात गेलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी त्या भात लावायला गेल्या होत्या. मागच्या घरातली म्हणाली, "मला तर कुणाला सांगता पण नाही आलं. सासू म्हणाली, बोंबलू नको." कुणी तरी हसलं, मग गप्प झालं. मी एवढी वर्षं त्या गल्लीत राहून त्यांच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. तो गेल्यावर त्यांना माझ्याशी काय बोलावं ते कळत नव्हतं. हे त्यांना बोलता येत होतं.

आशाताई आल्या. त्यांचा आवाज मी ओळखला. सासूबाईंनी त्यांनाही तेच सांगितलं, रात्री अंगावर गेलं. पट्टीवर एकच रेघ होती ते आशाताईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"होतं असं, आजी," त्या म्हणाल्या. "लवकर असलं की पट्टीवर पण येत नाही कधीकधी." मग माझ्या पायाशी वाकून, "आराम करा, ताई. लोहाच्या गोळ्या देऊन ठेवते."

बायका एकेक करून निघाल्या. शेवटी समोरच्या काकू राहिल्या. दारात चपला घालताना त्यांनी सासूबाईंना जवळ घेतलं. "एवढं एक मागं राहिलं होतं," त्या म्हणाल्या, "तेही नेलं देवानं. नातू गेला गं तुझा."

मी डोळे उघडून बघितलं. सासूबाईंना आता खोटं रडावं लागेल, आणि त्यांना ते जमायचं नाही, असं मला वाटत होतं. आतापर्यंत त्या कोरड्या डोळ्यांनी सगळ्यांना पाणी विचारत होत्या.

"हो," त्या म्हणाल्या. "गेला."

आणि त्या तिथेच चौकटीला धरून खाली बसल्या. कारखान्यातून फोन आला होता तेव्हा त्या जशा रडल्या होत्या, तशाच रडल्या. काकूंना त्या आवरेनात. त्यात खोटं काही नव्हतं. आदल्या दुपारी वाल सोलायला बसेपर्यंत त्यांच्याजवळ एक नातू होता, आणि तो माझ्या दोन वाक्यांत गेला होता.

मी उठून त्यांच्याजवळ जायला निघाले. पाय खाली टेकवले तर त्यांनी रडता रडता हात वर करून मला थांबवलं. मी पुन्हा आडवी झाले. काकू म्हणाल्या, "बघ, किती करते तुझं." मी छताकडे बघत पडून राहिले. त्या दिवशी मला उठायचं नव्हतं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.